वरकस जमीन आणि दापोलीचं विद्यापीठ

घाटावरच्या माणसाला 'वरकस' हा शब्द समजावून सांगावा लागतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात जमिनीच्या मुख्य जाती दोन. खाली व्हाळाच्या कडेकडेनं बांध घालून सपाट केलेली ती भाताची खाचरं. आणि घरांच्या पाठीमागून सुरू होऊन पार सड्यापर्यंत चढत जाते ती वरकस. खाचर गुंठ्यांत मोजायचं, वरकस एकरांत मोजायची. पण वर्षाचं पोट भरायचं ते गुंठ्यांवर. पाच एकर वरकस आहे म्हणून कोणाला कोणी बागायतदार म्हणत नसे आणि मुलगी देताना तर ती कोणी हिशेबातही धरत नसे.

त्या वरकशीत पूर्वी नाचणी, वरी, हरीक होई. एक तुकडा दोन-तीन वर्षं करायचा, तोवर माती धुऊन जायची, मग तो पडीक टाकून दुसरा धरायचा. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि उतार घराच्या छपरासारखा. माती थांबणार कशी? वरकशीचं दुसरं काम म्हणजे कवळ. ऐन, किंजळ यांच्या फांद्या तोडायच्या, उन्हात वाळवायच्या, शेण आणि पालापाचोळ्याबरोबर दाढीवर पसरून भाजायच्या. त्या भाजलेल्या जागेत भाताचा तरवा चांगला येतो. म्हणजे वरचा डोंगर दरवर्षी थोडा थोडा जाळायचा आणि खालचं खाचर पिकवायचं, असा तो व्यवहार होता.

आज त्याच वरकशीवर आंबा नि काजू उभा आहे, आणि तिच्यावरून सख्ख्या भावांत कोर्टकचेऱ्या चालतात. हे कसं झालं, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. एक म्हणतो, सगळं दापोलीच्या विद्यापीठानं केलं. दुसरा म्हणतो, विद्यापीठानं आमच्यासाठी केलं काय? मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. मला दोन्ही बोलणी अर्धी वाटतात. डोंगरावर झाड उभं राहायला तीन गोष्टी लागतात. जमीन कसणाऱ्याच्या नावावर लागते, चांगलं कलम हातात लागतं, आणि झाडापाशी थांबणारा माणूस लागतो. पहिली गोष्ट कायद्यानं दिली, दुसरी विद्यापीठानं दिली. तिसरीचं काय झालं ते शेवटी सांगतो.

माझा आजा खोताचं कूळ होता. भातजमिनीचं निम्मं पीक खोताला, त्याला अर्धेल म्हणत. वरकशीचा तिसरा हिस्सा खोताला, ते तिर्धेल. शिवाय खोताच्या घरी वेठ होती ती वेगळी. आजा म्हणायचा, "नाचणी चार महिन्यांत हाताला येते. खोतानं जमीन काढून घेतली तर एका सालाची मेहनत बुडाली. पण आंबा लावला तर दहा वरसं पाणी मी घालायचं नि आंबे खोतानं खायचे." म्हणून कूळ झाड लावत नसे. पुष्कळ शिकलेली माणसं लिहितात की कोकणी माणूस आळशी, डोंगर ओसाड टाकून मुंबईला पळाला. त्यांनी आधी हे अर्धेल-तिर्धेल वाचावं.

कुलाबा जिल्ह्यात चरी गावच्या कुळांनी 1933 साली संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. जमीन कसायचीच नाही, असा तो संप 1939 पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, आमच्याच बाजूचं, मंडणगड तालुक्यातलं. त्यांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक आणलं. ते त्या वेळी पास झालं नाही. पुढे 1948 चा कूळकायदा आला, 1949 चा खोती निर्मूलनाचा कायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 ला कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. कागदावर हे एका दिवसात झालं. प्रत्यक्षात आमच्या आज्यानं सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी कितीतरी वर्षं तालुक्याला पायपीट केली. ज्यांच्याकडे पावती नव्हती, ज्यांना वेळेत दावा लावता आला नाही, त्यांची जमीन गेली ती गेलीच.

शेतीशास्त्राच्या गोष्टीत हे कायद्याचं पुराण कशाला, असं कोणाला वाटेल. पण कलम लावणारा माणूस आधी विचारतो, ही जमीन माझ्या पोराची असेल ना? त्याचं उत्तर 'हो' असं मिळाल्यावरच खड्डा खणायला हात उठतो.

आता विद्यापीठाकडे वळतो. कोकणात शेतीचं संशोधन विद्यापीठाच्या पुष्कळ आधीपासून होतं. कर्जतला भाताचं काम 1919 साली सुरू झालं. तिथल्या लोकांनी केलं काय, तर शेतकऱ्यांच्या कणग्यांतलंच बियाणं गोळा केलं, त्यातल्या चांगल्या लोंब्या निवडल्या आणि त्यांना आकडे दिले. झिन्या-31, कोळंबा-42, पटणी-6, भडस-79 ही नावं जुन्या लोकांच्या तोंडी होती. नाव आमचं, आकडा सरकारचा. वेंगुर्ल्याला फळांचं संशोधन केंद्र 1957 साली झालं. दापोलीत शेती कॉलेज 1965 साली सुरू झालं. राज्यातलं पहिलं कृषी विद्यापीठ राहुरीला 1968 साली झालं आणि दुसरं अकोल्याला 1969 साली. दापोलीचं कॉलेज तेव्हा राहुरीला जोडलेलं होतं. राहुरी म्हणजे ऊस, ज्वारी आणि काळी माती. आमची लाल जांभ्याची जमीन, खाऱ्या पाण्याची खारजमीन, कातळावरची आमराई याचा विचार इतक्या लांबून नीट होणं कठीण. म्हणून कोकणाला स्वतःचं विद्यापीठ पाहिजे ही मागणी होती.

18 मे 1972 ला दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्याच दिवशी परभणीला मराठवाड्याचं झालं. पुढे 2001 साली आमच्या विद्यापीठाला डॉ. बाळासाहेब सावंतांचं नाव दिलं. बाळासाहेब राज्याचे मंत्री होते, शेतीखातं त्यांनी सांभाळलं होतं, आणि 1963 च्या अखेरीस थोडे दिवस मुख्यमंत्रीही होते. दापोली तशी इंग्रजांच्या लष्कराच्या तळाची जागा, म्हणून जुनी माणसं आजही 'कॅम्प दापोली' म्हणतात. गाव उंचावर, हवा थंड, समुद्र जवळ. साने गुरुजी तिथल्याच शाळेत शिकले. एवढ्या पुण्याईच्या गावात आता शेती शिकवणार, याचं आमच्या वाडीला मोठं कौतुक वाटलं म्हणाल, तर तसं काही झालं नाही.

मी त्या जूनमध्ये आठवीत गेलो. दहावीची जी पहिली बॅच 1975 साली बसली, तिच्यातला मी. घाटावर त्या साली मोठा दुष्काळ होता. रेडिओवर खडी फोडण्याच्या कामांच्या बातम्या लागायच्या आणि आमच्याकडे खाचराचे बांध फुटायचे. बाबा पडवीत बसून म्हणाले, "भात लावायला कालेज कशाला रं? पाऊस शिकवतो नि बापूस दाखवतो." वाडीतल्या एका काकांनी भर घातली, "तिथं शिकलेला पोर नांगर धरील काय? तो नोकरीच धरायचा." पुढे पाहिलं तर काकांचं बोलणं पुष्कळ खरं झालं.

पण बियाणं आलं. आधी कर्जत-184 आणि मग रत्नागिरी-24. रत्नागिरीजवळ शिरगावच्या केंद्रातून आलेलं हे रत्नागिरी-24 दाण्याला लांबट, बारीक. पहिल्या साली बाबांनी एकाच खाचरात लावलं, तेही बांधावरून जाणाऱ्या लोकांना दिसणार नाही अशा कोपऱ्यातल्या. झोडणी झाली तेव्हा त्या खाचराचं भात वेगळं मापलं. जुन्यापेक्षा जास्त भरलं. दुसऱ्या साली तीन खाचरं लावली. बाबा विद्यापीठाबद्दल कधी बरं बोलले नाहीत, पण बियाणं बदलायची वेळ झाली की मला सांगायचे, "जा, दापोलीला जाऊन ये."

यात गेलं काय, तेही लिहून ठेवतो. जुनी भातं उंच वाढायची. पावसात लोळायची हे खरं, पण पेंढा लांब मिळायचा. तो गुरांना पुरायचा, आणि ज्यांची घरं शाकारलेली त्यांच्या छपरालाही लागायचा. नवी भातं बुटकी. दाणा वाढला आणि पेंढा कमी झाला. आई म्हणायची, पटणीच्या पेजेची चव या भाताला नाही. चवीचं कोणी माप काढत नाही, म्हणून ती कुठल्या तक्त्यात दिसत नाही. आज पटणीचं मूठभर बियाणं आमच्या वाडीत नाही. खाडीकाठच्या लोकांना मात्र विद्यापीठाच्या पनवेल केंद्रानं मोठा आधार दिला. खाऱ्या जमिनीत तग धरणारी पनवेल-1, पनवेल-2 ही भातं तिथली.

खाचराची गोष्ट इथपर्यंत. खरा बदल वरकशीवर झाला आणि तो कलमानं केला.

हापूस आमच्याकडे पोर्तुगीजांच्या काळापासूनचा. पण कलम म्हणजे श्रीमंताचं काम. तेव्हा भेट कलम करत. कुंडीत वाढवलेलं रोप मोठ्या झाडाच्या फांदीपर्यंत न्यायचं, त्यासाठी माच बांधायचा, रोपाची नि फांदीची साल तासून दोन्ही एकमेकांना बांधायची, आणि दोन-तीन महिने पाणी घालत राखण करायची. एका झाडावर अशी कलमं होणार किती? म्हणून ती महाग, आणि ज्याच्या दारात हापूस त्याच्याच हातात.

विद्यापीठानं कोय कलमाची रीत बसवून गावोगाव पोहोचवली. पावसाळ्याच्या तोंडाला रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालायच्या. रोप पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस आहेत, तोवर ते वरून छाटून मधोमध चीर द्यायची. हापूसच्या झाडावरची तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी काडी घ्यायची, तिला पाचरीसारखा काप द्यायचा, चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. झालं. माच नको, मोठ्या झाडाशी दोन-दोन महिने झटापट नको. एका चांगल्या झाडाच्या काड्यांतून शेकड्यानं कलमं. आमच्या वाडीतली दोन पोरं हे बांधायला शिकली आणि पावसाळ्यात दुसऱ्या तालुक्यात कलमं बांधायच्या कामाला जाऊ लागली. त्यांतला एक चौथी नापास. त्याचा हात इतका बसला होता की शंभरातली नव्वद काडी फुटायची. विद्यापीठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पदव्या येतात. माझ्या डोळ्यांपुढे त्या पोराचा चाकू येतो.

वेंगुर्ल्याच्या केंद्रानं नवीन आंबाही काढला. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली 'रत्ना' आला. हापूसला एक साल फळ, एक साल विश्रांती ही खोड. शिवाय फळ कापल्यावर आत पांढरा, आंबूस साका निघतो तो निराळाच. रत्नाला साका नाही आणि तो बहुतेक दरवर्षी धरतो. पुढे 1992 साली रत्ना आणि हापूस यांच्यापासून 'सिंधू' काढला. त्याची कोय इतकी पातळ की मुलं हसायची. शास्त्र म्हणून दोन्ही मोठी कामं. पण मुंबईचा बाजार 'हापूस' हा एकच शब्द ओळखतो. आमच्याकडे रत्नाची दोन झाडं आहेत, त्यांचे आंबे आम्ही घरात खातो आणि पाहुण्यांना देतो. पेटी भरते ती हापूसचीच.

काजूचं तसं झालं नाही. काजूला गिऱ्हाईक नाव विचारत नाही, बी केवढी ते बघतं. काजूही पोर्तुगीजांनीच आणलेला, पण आमच्याकडे तो गडग्याच्या कडेला आपोआप उगवलेलं झाड. लहान बी, किलोत दोनशेच्या आसपास बसायची. वेंगुर्ल्याच्या केंद्रानं इथेही आधी गावागावांतली झाडं बघितली. अणसूर गावच्या झाडापासून वेंगुर्ला-1 निवडली. वेतोरे गावची निवड घेऊन तिचा बाहेरच्या जातीशी संकर केला आणि वेंगुर्ला-4 काढली. वेंगुर्ला-7 तर अशी की किलोत शंभराच्या आसपासच बी बसते. रत्नागिरीजवळच्या हातीस गावचा कोकम 'कोकण हातीस' झाला, पालघरकडच्या बहाडोलीचं जांभूळ 'कोकण बहाडोली' झालं. भातासारखंच हे. कोणा म्हातारीनं परसात राखलेलं झाड साहेबांनी पाहिलं, पारखलं, वाढवलं आणि आकडा किंवा नाव देऊन परत आमच्याच हातात दिलं. यात साहेबांचं काम लहान होत नाही. पण त्या म्हातारीचंही होऊ नये.

कलम तयार झालं तरी ते लावायला पैसा कुठून आणायचा? आंब्याला दहा-दहा मीटरवर मीटरभर खोल खड्डा, म्हणजे हेक्टरी शंभर खड्डे. काजूला त्याच्या दुप्पट. तेही कातळासारख्या जांभ्यात, पहारीनं. मग 1990 साली सरकारनं फळबागा रोजगार हमीशी जोडल्या. खड्डा खणण्याची मजुरी, कलमं, खत यांचे पैसे सरकार देणार आणि झाड शेतकऱ्याचं. डोंगर बदलला तो त्या वेळी. दोन-तीन वर्षांत समोरच्या टेकडीवर ओळीनं खड्डे दिसू लागले. लहानपणी ज्या वरकशीत आम्ही गुरं सोडायचो तिथे आता गडगा घातला, आणि गुरांनी जायचं कुठे यावरून भांडणं सुरू झाली.

पहिली दोन-तीन वर्षं कलम जगवणं हेच खरं काम. चार महिने पाण्यात डोंगर वाहतो आणि मार्चात प्यायला पाणी नाही, अशी आमची तऱ्हा. विद्यापीठानं त्यावर 'कोकण जलकुंड' दाखवलं. डोंगरावरच खड्डा काढायचा, आत प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, पावसाच्या पाण्यानं तो भरून ठेवायचा आणि उन्हाळ्यात तांब्या-तांब्यानं कलमांना घालायचं. व्हाळावर नुसत्या दगडांचा रचून घालायचा 'कोकण विजय बंधारा' हाही तिथलाच. आमच्या घरच्या बायका डोक्यावरून हंडे नेऊन कलमं जगवत. एक जलकुंड झालं आणि त्यांच्या मानेवरचा भार उतरला.

बायकांवरून अवजारांचं आठवलं. भातकापणीचा जुना विळा दर थोड्या वेळानं धार लावल्याशिवाय चालत नसे. विद्यापीठाचा 'वैभव' विळा हलका, दातेरी, त्याला धार लावावी लागत नाही. आईनं तो हातात घेतला आणि जुना विळा आढ्याला खोचून ठेवला तो कायमचा. आंब्यासाठी 'नूतन' झेला आला. जुन्या झेल्यानं आंबा ओढून काढायचा, देठ तुटायचा, चीक सालीवर सांडायचा आणि पिकताना तिथे काळा डाग पडायचा. नूतन झेल्याला पातं आहे, त्यानं आंबा देठासकट कापून जाळीत पडतो. चौदा आणे तयार झालेला आंबा देठासकट उतरवला तर पेटीत टिकतो. कोणी म्हणेल, विळा नि झेला यांत कसलं शास्त्र? ज्याचा हात दिवसभर चालतो त्याला विचारा.

सगळंच गोड झालं असं नाही. हापूस दरवर्षी धरावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल घालण्याची रीत दापोलीच्या शास्त्रज्ञांनी बसवली. बाजारात आम्ही त्याला कल्टार म्हणतो. झाडाचा घेर मोजून त्या मापानं, पावसाळ्यात जुलै-ऑगस्टच्या सुमारास बुंध्याभोवती घालायचं, आणि त्याबरोबर खत द्यायचं, असं त्यांचं सांगणं. पण पुष्कळ झाडं चार-पाच वर्षांच्या कराराने दुसऱ्याच्या हातात असतात. करारवाल्याला झाडाच्या पन्नास वर्षांशी काय देणंघेणं? तो माप सोडून ओततो, मोहोर काढून घेतो आणि करार संपला की दमलेलं झाड मालकाला परत देतो. आज्यानं सांगितलेली गोष्ट इथे उलटी फिरली. ज्याला झाड कायमचं आपलं वाटत नाही, तो झाड राखत नाही.

आणि आता तिसऱ्या गोष्टीकडे येतो, थांबणाऱ्या माणसाकडे.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आमचे काका परळच्या गिरणीत होते. महिने गेले, संप काही मिटेना. काका बिऱ्हाड घेऊन गावी आले. त्यांच्यासारखे वाडीत सहा-सात जण. तोवर वाडी मनीऑर्डरीवर चालत होती, आता मनीऑर्डर करणारेच पडवीत येऊन बसले. त्या वेळी त्यांच्या हाताशी कलमांची योजना असती तर त्यांतले निम्मे तरी राहिले असते, असं मला वाटतं. पण योजना आली आठ वर्षांनी. तोवर कोणी वॉचमन झाला, कोणी हातगाडी लावली, कोणी खचला. काकांची मुलं मुंबईतच वाढली. योजना आली तेव्हा खड्डा खणायला घरात बाबा, मी आणि बायकामाणसं.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. आज्याचं एकट्याचं नाव होतं. त्याच्यानंतर मुलांची, मग नातवांची, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची. आमच्या वरकशीच्या सातबाऱ्यावर आज अकरा नावं आहेत. योजनेचा अर्ज करायचा तर सगळ्यांची संमती पाहिजे. एक सही डोंबिवलीला, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. मी एका कार्यालयात पाच खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला एक कागद कमी निघाला. अखेर बाबांच्या स्वतंत्र नावाचा जो लहान तुकडा होता त्यावर चाळीस काजू आणि बारा आंबे लावले. बाकीची वरकस तशीच राहिली. शेजारच्या गावात ज्यांचा सातबारा एकट्याचा होता त्यांनी अख्खा डोंगर लावला. काहींनी जमीन बाहेरच्या माणसाला विकली. तिथे आज मोठी बाग आहे, राखणीला नेपाळी कुटुंब आहे, आणि जुन्या मालकाचा मुलगा तिथेच रोजानं आंबे उतरवतो. कलम तेच, माती तीच. विद्यापीठाचं ज्ञान सगळ्यांना सारखंच खुलं होतं, पण ते घ्यायला ओंजळ मात्र प्रत्येकाची सारखी नव्हती.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आमच्या दापोली-मंडणगडची दाणादाण झाली. मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. पुढच्याच साली मे महिन्यात तौक्ते आलं. माझ्या बारा आंब्यांतले पाच उन्मळले. तीन आम्ही फांद्या छाटून, दोर लावून उभे केले, त्यांतले दोन जगले. ज्या घरांना कुलूप होतं तिथली झाडं पडली तशीच पडून राहिली. एवढ्या मोठ्या संकटातही मला प्रकर्षानं दिसलं ते हेच. पडलेलं झाड आठवड्याभरात उचललं तर जगतं. उचलायला माणूस पाहिजे.

विद्यापीठाला 2022 साली पन्नास वर्षं झाली. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही गाजावाजा झाला. विद्यापीठात शिकलेली मुलं मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत, त्याचा आनंद आहे. पण मला विचाराल तर पुढच्या पन्नास वर्षांत नवीन जातीपेक्षा वेगळं काही हवं आहे. माकडं नि वानर बागेत शिरतात त्यावर परवडेल असा उपाय हवा. मार्चात वणवा लागतो आणि वाढवलेला काजू एका दुपारी जातो, त्यावर वाडीनं मिळून काय करायचं ते कोणी येऊन करून दाखवायला हवं. अर्ध्या एकराचा, सामायिक सातबाऱ्याचा, घरात दोनच म्हातारी माणसं असलेला शेतकरी समोर ठेवून हिशेब मांडायला हवा. आमच्याकडे असा शेतकरीच जास्त आहे.

जमिनीच्या बाजूचं काम आमचं आम्हाला करायचं आहे. माझ्या पुतणीनं शेतीची पदविका घेतली आहे आणि तिला गावात राहून रोपवाटिका काढायची आहे. तिच्यासाठी या हिवाळ्यात मी पुन्हा सह्या गोळा केल्या. डोंबिवलीची झाली, बडोद्याची पोस्टानं आली, पत्ता नसलेल्याचा मुलगा फोनवर सापडला. महसूल कायद्याच्या 85 व्या कलमाखाली वाटपाचा अर्ज दिला आहे. पुतणी हसून म्हणाली, "आबा, हे कलम बांधायलाच सगळ्यात जास्त वर्षं लागली." मोजणीची तारीख पडायची आहे. ती पावसाआधी पडली तर यंदा खड्डे निघतील, नाही तर पुढच्या सालाला.